उल्लानॉरला कुणाचं तोंड कसं झालं

अहो, आहात का? जरा भिंतीपाशी या ना. दूध उतरवून या हवं तर, दोन मिनिटांचं नाही हे. ऐकलंत का? त्या होरसला वॉरमास्टर केला ना, त्या दिवशी कुणाचं तोंड कसं झालं होतं, ते सगळं कळलं मला. आतली बातमी. आमच्या धाकट्याकडून. तो त्या बाहुल्या रंगवतो ना... बाहुल्या म्हटलं की चिडतो, ‘मिनिएचर’ म्हणायचं. बोटभर उंचीची माणसं. फ्रेममधून कापायची, घासायची, चिकटवायची आणि मग एकेका खांद्याला तीनतीन हात रंग. गेल्या रविवारी गच्चीत काळा स्प्रे मारला, तो थेट माझ्या उशीच्या अभ्र्यावर. असो. तर हा रंगवतो आणि सोबत पुस्तक लावून ठेवतो, वाचून दाखवणारं. मी शेजारी बसून घेवडा मोडते. आता मी काय कानात बोळे घालून बसू?

आणि ते घर असलं आहे म्हणून सांगू... भाऊ वीस! त्यातल्या दोघांचं नावच काढायचं नाही. काय केलं, कुठे गेले, जिवंत की मेले, कोणी बोलत नाही. पुतळेसुद्धा काढून टाकले. मी म्हटलं, अहो, असं कसं, काहीतरी भानगड असणारच. धाकटा म्हणाला, ‘आई, ते लिहिणाऱ्यांनीच सांगितलेलं नाही.’ तीच तर भानगड. म्हणजे उरले अठरा. आणि बापाला नाव नाही. नुसता ‘एम्परर’. राहायला कुठे, तर हिमालयात! हो हो, आपल्याच. अख्ख्या पर्वतरांगेवर वाडा बांधलाय, आणि वाड्याखाली तळघरं. पोरं तिथेच प्रयोगशाळेत घडवली. आईचं विचारू नका. एक बाई निघाली म्हणे फार उशिरा, पण तो वेगळा विषय. तान्ही असतानाच सगळी पोरं उधळली गेली, कुणी या ग्रहावर पडलं, कुणी त्या. बाप मग एकेकाला शोधत फिरला. एकाला गुलामांच्या आखाड्यातून उचललं, एकाला जंगलातून, एकाला थेट राजवाड्यातून. म्हणजे वाढले सगळे वेगवेगळ्या घरी, आणि मग एके दिवशी सांगितलं, हे तुमचे भाऊ, आता एका ताटात जेवा. जमेल?

तर काय सांगत होते... उल्लानॉर.

त्या ग्रहावर ऑर्क लोकांचं राज्य होतं, हिरवे, दांडगे. त्यांचा म्होरक्या तो उर्लाक उर्ग. त्याला लोळवला, आणि मानकरी कोण तर होरस. मग विजयाचं फंक्शन. यंत्रवाल्यांनी डोंगर खरवडून जमीन सपाट केली, रस्त्याच्या कडेला ऑर्कांच्या कवट्या लावल्या. हौस एकेकाची! चिलखतवाले स्पेस मरीन एक लाख, आणि साधे शिपाई ऐंशी लाख. ऐंशी लाख हो. आमच्याकडे मुंजीला दोनशे पानं उठली तर जिलबी कमी पडली होती. आणि त्या एवढ्या गर्दीसमोर बापानं जाहीर केलं, की मी आता घरी चाललो, टेराला, म्हणजे आपल्या पृथ्वीवर. इथून पुढे मोहीम होरस चालवील. हाच वॉरमास्टर. सगळ्या भावांच्या फौजा याच्या हुकमात.

झालं. टाळ्या, तोफा, सगळं. पण अठरापैकी हजर किती होते, माहितीये? नऊ! हीच तर मेख आहे. ज्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असती ना, ते आलेच नव्हते. गिलिमन नाही, लायन नाही, लेमन रस नाही... हसू नका, नावच आहे त्याचं तसं, सरबत नव्हे. पर्टुराबो नाही. त्यांना सगळं मागाहून कळलं. आपल्याकडे नाही का, साखरपुडा होऊन जातो आणि चुलत्याला पेढ्याच्या पुड्यावरून कळतं. मग तो पुडा वर्षभर काढतात.

होरसच का, म्हणाल तर बाई, त्याला कारण होतं. थोरला म्हणजे वयानं नव्हे, सापडला सगळ्यात आधी. तीसेक वर्षं तो एकुलता एक होता. बाप आणि तो, दोघंच. एका लढाईत बापानं याला वाचवलं, दुसऱ्या लढाईत गोरोवर एका ऑर्कानं बापाचा गळा धरला, तेव्हा यानं त्याचा हात तोडून बापाला सोडवलं. असलं नातं मागून आलेल्यांशी कसं होणार? शिवाय पोरगा गोड. अहो, खरंच. प्रत्येक भावाशी त्याचं पटायचं. ज्याचं कुणाशी पटत नाही त्याच्याशीही पटायचं. घरात एक असतो ना असा, की भांडण झालं की त्याला फोन करायचा. आता एवढे सगळे तालेवार भाऊ, एकमेकांचं तोंड न पाहणारे, त्यांना एकत्र धरायला असाच माणूस लागतो. बापाचा हिशोब चुकला नव्हता. मी तरी म्हणेन, निवड बरोबर होती.

थांबा, थांबा, मला माहितीये तुम्ही कुणाचं नाव घेणार. पंखवाला. सँग्विनियस. सगळे त्याचंच घेतात. आणि गंमत ऐका, होरससुद्धा त्याचंच घ्यायचा! स्वतः म्हणालाय आपल्या माणसांजवळ, की हे पद सँग्विनियसला जायला हवं होतं. दूरची नजर आहे, ताकद आहे आणि लढाई संपल्यावर राज्य चालवायचं शहाणपणही आहे, असं. आणि काय देखणा हो... पाठीला पांढरेशुभ्र पंख, सोनेरी चिलखत. धाकट्यानं त्याचे पंख रंगवायला तीन रात्री घातल्या. एकेका पिसाला आधी राखाडी, मग फिकट, मग टोकाला पांढरा, आणि ब्रश असा की त्याला केस किती असतील, तर सहा. मी चष्मा लावूनही...

ते जाऊ दे. त्याचं मी मागून सांगते.

तर पंखवाला. दिसायला देवदूत, पण त्याच्याही घरात एक गोष्ट होती. कुणाला सांगू नका. त्याच्या फौजेतल्या मुलांना मधूनच रक्ताची तहान लागायची. वेडच. एकदा मेल्कियोर नावाच्या जागी, अशाच एका पिसाटलेल्या आपल्या मुलाला त्यानं स्वतःच्या हातानं संपवलं आणि मान वर केली, तर समोर कोण? होरस! सगळं पाहिलं त्यानं. आणि बापाला सांगितलं नाही हो. शब्द दिला आणि पाळला. एवढं गुपित त्याला माहीत असूनही तो म्हणायचा, पद याला द्या. असा भाऊ होता तो तेव्हा. नंतरचं नंतर.

आता बाकीच्यांचं ऐका. लायन, तो जंगलातला. लढाया जिंकण्यात होरसच्या खालोखाल कोण, तर हा. आणि हे त्याला स्वतःला चांगलं माहीत. बोलायचं मात्र नाही, घुम्या. त्याचं आणि लेमन रसचं एकदा काय झालं सांगू? एका गढीतल्या राजानं रसचा अपमान केला होता, म्हणून रसनं शपथ घेतली की याला मीच मारणार. आणि हा लायन आधी आत गेला आणि मारून मोकळा! झाली जुंपाजुंपी. एक दिवस, एक रात्र, दोघं सख्खे भाऊ नुसत्या हातांनी मारामारी करत होते. शेवटी रसला आपलंच हसू आलं, तो पोट धरून हसायला लागला. लायनला वाटलं मला हसतोय. दिला एक ठोसा, रस आडवा! आता मला सांगा, यातल्या एकाला वरती बसवलं असतं तर दुसऱ्यानं हुकूम ऐकला असता?

आणि रसला तरी कसं करणार? बाप त्याला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा यानं काय केलं? पैज लावली. खाण्याची आणि पिण्याची. बाप दोन्हीत हरला, मग मारामारीत एक सणसणीत ठेवून दिली तेव्हा कुठे ‘बाबा’ म्हणाला. प्रेमळ आहे हो, पण सेनापती म्हणून... नको बाई.

गिलिमनचं मात्र मला वाईट वाटतं. तो म्हणजे आपल्याकडचा सीए. पाचशे ग्रहांचं राज्य चालवतो मॅकरागवरून, आणि तिथे रस्ते नीट, कोठारं भरलेली, पोरं शाळेत. फौज त्याची सगळ्यांत मोठी, अडीच लाखांच्या घरात. दुसरे भाऊ ग्रह जिंकून पुढे जायचे, मागे धुराळा. हा थांबून पाटबंधारे बांधायचा. अशा माणसाला कुणी सेनापती करत नाही. हिशेब नीट ठेवणारा नेहमी दुसऱ्या नंबरावर, तुम्ही बघा. सोसायटीत नाही का आपले खजिनदार... असो, भिंतीला कान असतात.

तर काय सांगत होते? हां, पर्टुराबो! अहो, खरा चेहरा पडला तो त्याचा. आणि तो उल्लानॉरच्याही आधी.

हा पर्टुराबो म्हणजे वेढ्याचा माणूस. किल्ले फोडायचे, खंदक खणायचे, चिखलात महिनोन्महिने बसायचं, ही कामं त्याच्या माथी. आणि डॉर्न, तो रोगल डॉर्न, किल्ले बांधण्यात पटाईत. बापानं वाड्याची तटबंदी करायला कुणाला बोलावलं? डॉर्नला. झालं. कुठल्याशा विजयाची पार्टी होती. सगळे खाऊनपिऊन गप्पा मारताहेत, आणि त्या फुलग्रिमनं... तो नटवा, सदा टापटीप, त्याला आगीत तूप ओतायची भारी हौस... त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काय रे रोगल, तू बांधलेल्या वाड्यापुढे पर्टुराबोची माणसं टिकतील का?’ आता याला उत्तर काय द्यायचं असतं? हसायचं, म्हणायचं, ‘अरे, कशाला तसली वेळ यावी.’ संपलं! पण डॉर्न म्हणजे खोटं बोलणं माहीत नाही. त्यानं नीट विचार केला. म्हणजे विचार करतोय हे सगळ्यांना दिसलं, तेच वाईट. आणि म्हणाला, ‘नीट पहारा असेल तर वाडा कुणालाही दाद देणार नाही.’ 

पर्टुराबोच्या हातातला घास हातात. मग जो भडकला, जो बोलला, लोकांनी ताटावरून माना वर केल्या नाहीत. त्यानंतर त्या दोघांच्या फौजा एकत्र लढल्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. एका वाक्यापायी. आपल्या महाभारतात नाही का, भीष्मांनी रथी-महारथी मोजताना कर्णाला अर्धरथी म्हटलं, आणि तो म्हणाला की हे सेनापती असेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही. तो निदान परत आला हो.

तर वॉरमास्टरची बातमी कळल्यावर हाच पर्टुराबो पहिला भडकला, आणि दुसरा अँग्रॉन. अँग्रॉनचं तर बोलायलाच नको. त्या पोराच्या डोक्यात लहानपणीच मालकांनी खिळे ठोकले होते, रागाचे. त्याचे सोबती गुलाम शेवटच्या लढाईला उभे होते, आणि ऐन वेळी बाप आला, याला एकट्याला वर उचलून घेतलं आणि बाकीचे मेले. सगळे. का वाचवलं नाहीत, हे बापानं आजतागायत सांगितलेलं नाही. मॉर्टेरियनचं तेच. ज्यानं छळत वाढवलं, त्याचा जीव याला स्वतः घ्यायचा होता. विषारी धुरात चढून गेला, दाराशी कोसळला, आणि बापानं येऊन त्याच्यादेखत काम उरकून टाकलं. वर म्हणतो, आता माझी चाकरी कर. उपकार केला की अपमान, तुम्हीच सांगा. लॉर्गार तर बापाची पूजा करायचा. देव मानायचा. बापानं काय केलं, त्यानं बांधलेलं सुंदर शहर जाळायला लावलं, तेही गिलिमनच्या माणसांकडून, आणि त्याच्या एक लाख मुलांना राखेत गुडघे टेकायला लावले. चूक त्याची असेल हो, पण चारचौघांत? भावाच्या देखत?

आणि एक जगताई खान आहे. मला आधी वाटलं कुणाची तरी ताई आहे. चांगला मिशीवाला घोडेस्वार निघाला, आता घोड्याऐवजी मोटारसायकल. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. उल्लानॉरला आला, जेवला, गेला. त्याचं तोंड कसं झालं ते कुणालाच कळलं नाही.

म्हणजे बघा, मला काय म्हणायचंय. निवडीवरून कुणी रागावलं म्हणून हे घर फुटलं असं सगळे सांगतात, ते खरं नाही. रुसवे आधीचेच होते, ज्याचे त्याचे. आपल्याकडे 1760 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी उत्तरेला राघोबादादांऐवजी सदाशिवरावभाऊंना पाठवलं, तेव्हा काय कमी तोंडं वाकडी झाली? दादा अटकेपर्यंत झेंडे लावून आले होते, पण येताना कर्ज घेऊन आले. भाऊ हिशेबाला पक्के, नुकतीच उदगीरची लढाई मारलेली. कारण होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. इथे बापानं कारणच सांगितलं नाही! होरसला का, हे थोडंफार कळतं. पण मी का चाललोय, हे? घरी जाऊन काय करणार? ‘काम आहे’ एवढंच. होरसलासुद्धा नाही सांगितलं. ज्याच्या हातात दोनशे वर्षांचा कारभार दिला त्यालाच नाही!

आणि बाप करत काय होता, माहितीये? तळघरात एक वाट खोदत होता. आतल्या आत जाणारी, दुनियेच्या पलीकडून. ती झाली असती तर माणसांना एका राक्षसी समुद्रातून जहाजं हाकायची गरजच उरली नसती. म्हणजे पोरांच्याच भल्याचं. पण एक शब्द? अहो, आमचे हे सुद्धा बँकेत निघाले तरी ‘आलोच’ म्हणून जातात.

मग इकडे काय झालं... होरस मोहिमेवर, जीव तोडून, आणि टेराला एक कौन्सिल बसलं. कारकुनांचं. त्यात भाऊ एकही नाही. मॅल्केडॉर म्हणून एक म्हातारा, काठी टेकत चालणारा, तो सगळ्यांच्या वर. आणि या कौन्सिलनं काय धाडलं? टॅक्सवाले! काल जिंकलेल्या ग्रहावर आज वसुली. लोक अजून प्रेतं पुरताहेत आणि वसुलीवाली बाई कागद घेऊन दारात उभी. लोक कुणाला शिव्या घालणार, कौन्सिलला? नाही हो. समोर जो उभा आहे त्याला. जावयाला मान द्यायचा आणि किल्ल्या मुनीमजींकडे ठेवायच्या, त्यातली गत. त्याच्या फौजेचं नाव बदलून ‘होरसचे पुत्र’ ठेव म्हणून बापानंच सुचवलं होतं. पहिल्यांदा नको म्हणाला, लाजला. नंतर घेतलं. घेतलं तेव्हा मनात काय होतं, देव जाणे.

आणि मग तो एरेबस. प्रत्येक घरात एक येतो बघा असा, ना नात्याचा ना गोत्याचा, पण स्वयंपाकघरापर्यंत. लॉर्गारचा माणूस. मऊ बोलायचं, हात जोडायचे. त्यानं एका ठिकाणाहून एक विषारी तलवार चोरली, ती फिरत फिरत नेमकी होरसच्या खांद्यात गेली. कशी, कुणी, ते लांबण आहे. जखम भरेना. माणसं रडकुंडीला आली आणि या मेल्यानं सांगितलं, इथे एक देऊळ आहे, तिथे बरं वाटेल. डेव्हिन नावाच्या गावी. नेलं. तिथे स्वप्नात त्याला काय दाखवलं? पुढचा काळ. लोक बापाची देव म्हणून पूजा करताहेत, भावांचे पुतळे उभे आहेत, आणि त्यात होरसचा पुतळाच नाही! मॅग्नस, तो एकडोळ्या, मंत्रतंत्रवाला, तो स्वप्नात शिरून सांगत होता, अरे, हे खोटं आहे, फसवताहेत तुला. पण आजारी माणसाला दोघांपैकी कोण खरं वाटतं? जो त्याच्या मनातलं बोलतो तो.

बिचाऱ्या मॅग्नसनं मग बापाला कळवायचा प्रयत्न केला. थोरला बिघडलाय म्हणून. ट्रंककॉल लावायला गेला तर घराचा ट्रान्सफॉर्मर उडाला, अशी गत. त्याच्या मंत्रानं तळघरातली ती वाटच फुटली. बाप संतापला, रसला धाडलं, म्हणे आणा त्याला इकडे पकडून. आणि मधल्या मध्ये होरसनं निरोप बदलला, आणा नव्हे, संपवा. रसनं गाव जाळलं. खरं सांगायला गेलेलाच घरातून गेला. मी तेव्हा घेवड्याचं पातेलं खाली ठेवलं, खोटं नाही सांगत.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. इस्टव्हानला होरसनं आधी स्वतःच्याच माणसांवर विष टाकलं, मग सात भावांच्या फौजा होरसला धरायला गेल्या. त्यातल्या तीन पुढे, चार मागे. तीन थकून मागे वळल्या तर मागच्या चारांनी बंदुका रोखल्या त्यांच्यावरच! आणि चारांत एक कोण? पर्टुराबो. मी म्हटलं नव्हतं? फेरस आणि फुलग्रिम तर जिवाभावाचे होते, एकमेकांना हत्यारं घडवून दिलेले. फुलग्रिमनं त्याचं डोकं उडवलं. शेवटी मोजलं तर इकडे नऊ, तिकडे नऊ. धाकटा म्हणतो, घर फुटण्याचं खरं कारण वेगळंच. 1988 मध्ये नॉटिंगहॅमच्या त्या कंपनीला मोठाल्या यंत्रमानवांचा खेळ काढायचा होता, आणि डब्यात दोन वेगळ्या साच्यांचे घालणं परवडेना. मग काय, एकाच साच्याचे दोन रंगांत रंगवा आणि म्हणा, भाऊभाऊच भांडताहेत! तिथून हे सगळं. मग 2006 ला पुस्तकं सुरू झाली ती 2024 पर्यंत, साठाच्या वर. एका डब्याच्या काटकसरीतून साठ पुस्तकं. कोकणस्थ असणार कुणीतरी.

आणि ऐका, मधे पुन्हा एकदा निवड झाली! हे फारसं कुणी सांगत नाही. गिलिमनला वाटलं, टेरा पडली, बाप गेला. मग त्यानं मॅकरागलाच दुसरं राज्य मांडलं. बसवायचं कुणाला? स्वतः नाही बसला. लायनलाही नाही बसवलं. पंखवाल्याला! तो नको नको म्हणत होता, तरी बसवलं. आणि लायनला रक्षक केलं. तिघंही सुखात नव्हते. बाप जिवंत आहे कळल्यावर सगळं गुंडाळलं, आणि बोलायचं नाही असं ठरलं. बोलायचं नाही! त्या घराला दुसरं काही येतच नाही.

शेवटी तोच गेला. सँग्विनियस. होरसच्या जहाजावर चढला. हरणार हे त्याला आधीपासून दिसत होतं म्हणे, तरी चढला. ज्यानं ‘पद याला द्या’ म्हटलं, त्यानंच मारलं. मग बापानं होरसला मारलं, आणि स्वतः असा घायाळ झाला की डॉर्ननं त्याला उचलून आणून त्या सोन्याच्या खुर्चीत बसवला. दहा हजार वर्षं झाली, तो तिथेच आहे. रोज हजार माणसांचा जीव लागतो ती खुर्ची चालायला. आणि कारभार आज कुणाकडे? गिलिमनकडे! 2017 ला उठवलं त्याला. लायन 2023 ला परतला. सीएच लागला शेवटी.

बरं, आता तुम्ही इथवर ऐकलंत म्हणून सांगते. मी ही भिंत गाठली ती बातमी द्यायला नव्हे. सकाळी शोकेस पुसत होते, फडक्याचा धागा अडकला... आणि त्या सँग्विनियसचा डावा पंख, अहो, हा बघा, पदरात बांधून आणलाय. तीन रात्रींचं काम. धाकटा सातला येतो ऑफिसातून. घरात फेविक्विक असेल तर द्या ना थोडं. आणि मधल्या वहिनींना यातलं काही बोलू नका.